मोनिकाबाईंचे दोन बाकांचे घर

मोनिकाबाईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या रडत होत्या. समाजकार्याच्या वर्गातला तो माझा पहिला दिवस. वसईतल्या आमच्या संस्थेच्या हॉलमध्ये गृहभेटीच्या सरावासाठी दोन बाकांचे घर मांडले होते आणि त्यात नवऱ्याचा मार खाल्लेली बायको स्वतः बाई झाल्या होत्या. गृहभेटीला आलेली कार्यकर्ती मी. त्या हुंदके देत होत्या आणि मी त्यांना कायदा समजावत होते! खऱ्या घरात शिरण्याआधी इथे काय त्या चुका करून घ्या, असे बाईंचे म्हणणे. आम्ही मनसोक्त चुकलो.

पुढे एकदा असाच पाठ रंगला होता. बाई त्यांच्या भुईगावच्या घरच्या बोलीत आक्रोश करत होत्या. तो ऐकून रस्त्याने जाणारी मिठागरातली एक मजूर बाई तडक आत शिरली. यशोदा तिचे नाव. तिने बाईंचा हात धरला.

“कोन मारतो तुला, बाय? ऊठ, माझ्या घरी चल. माझाबी मारतो, पन दोघी असलो तं भ्याव कमी.”

वर्गात हसू फुटले. बाईंनी एका नजरेत सगळ्यांना गप्प केले. डोळे पुसून त्यांनी यशोदेला खरे काय ते सांगितले, तिची माफी मागितली. मग म्हणाल्या, “मला कुणी मारत नाही गं. तुला मारतात. आज तूच माझ्याकडे चल.”

यशोदा आली, राहिली आणि परत गेली. नवरा शपथा घ्यायचा, हिचा विश्वास बसायचा, पुन्हा सुजलेला चेहरा घेऊन ही हजर. शेवटी मी वैतागले. “बाई, हिला कितीदा ठेवून घेणार?”

भांडी घासता घासता बाई म्हणाल्या, “येतेय ना? यायची थांबली की मला भीती वाटेल.”

यशोदा आता वालीवच्या एका कारखान्यात काम करते, लेकीबरोबर वेगळी राहते. तिच्या जागी दुसऱ्या येतात. गौरवलेखात लिहू नये, पण आम्ही शिष्य थकलो आहोत. बाई तर आमच्याहून थकल्या आहेत, फक्त बोलत नाहीत.

आज त्या साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना दीर्घायुष्य चिंतताना जीव कचरतो, कारण जितकी वर्षे मागावीत तितके त्यांचे कामच वाढणार. तरीही बाई, पुष्कळ जगा, ठणठणीत राहा. आणि आता दार वाजले तर आम्ही उघडतो, तुम्ही जेवून घ्या.