सतराचं मिळालं की लगेच

दारात आलेल्या पाहुण्याला लोक आधी पाणी विचारतात. आमचा नानामामा आधी गाडीचं साल विचारायचा. नुसतं विचारून थांबला असता तर एक वेळ चाललं असतं, पण त्याचा कुणाच्या तोंडावर विश्वास नव्हता. पाहुणा चपला काढतोय तोवर हा त्याच्या गाडीत शिरायचा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा आणि पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. मग ओसरीवर येऊन निकाल द्यायचा, "पाव्हणं, अठराची म्हणून घेतली ना? फसलात. पट्टा सतराचा हाय. कागद माणूस लिवतो, पट्टा कंपनी लिवते." पाहुण्याचा चेहरा पडायचा. मामीचा चहा मग कितीही झकास असो, त्या बिचाऱ्याला कडूच लागायचा.

टोकावड्याला, मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामाचा ढाबा होता. नावाला ढाबा, खरं तर भजी, मिसळ आणि चहा. पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबईकडच्या गाड्यांची रांग लागे, आणि मामाचं सगळं शिक्षण त्या रांगेत झालं. गिऱ्हाईक कांदाभजी मागायचं, हा इंजिनाची चौकशी करायचा. कढईतली भजी काळी पडली की मामी आतून ओरडायची, "अवो, त्या गाडीचं नंतर बघा, आधी घाण्याकडं बघा." पण एवढ्या जळक्या भज्यांतून त्याने एक सिद्धांत मिळवला होता, आणि तो पंचक्रोशीत पाठ होता: "पयल्या सालाचं घेऊ नये, शेवटच्या सालाचं घेऊ नये. पयल्याला कंपनी शिकते, शेवटी कंपनी कंटाळते. मधलं साल धरावं." लोकांनी त्याला मॉडेलनाना नाव ठेवलं. त्याला ती पदवी वाटायची.

हा सिद्धांत गाड्यांपुरता राहिला असता तर मी काही बोलले नसते. पण भाताचं बियाणं, दुधाची म्हैस, पंचायतीचा सदस्य, सगळं तो मधल्या सालाचं शोधायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना याने भर बैठकीत विचारलं, "पोरगा घरातला कितवा?" ते म्हणाले, थोरला. मामाने माझ्याकडे बघून मान हलवली. "पयलं मॉडेल हाय गो बाय. इचार कर." ते स्थळ गेलं. पुढे मी लग्न केलं तेही थोरल्याशीच, पण मामाला कळवून नव्हे, पत्रिका छापून झाल्यावर.

आता मूळ दुखण्याकडे येते. एका रविवारी ढाब्यावर एक निळी स्पोर्ट्स सेडान थांबली. चपटी, रुंद, मागे दोन सायलेन्सर. चहा पिऊन मालक निघाला, आणि गाडी वळणाआड गेली तरी मामा झारा हातात धरून तसाच उभा. त्या दिवसापासून त्याला तीच गाडी हवी होती. जुनी चालेल, पण योग्य सालाची. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने साल नक्की केलं: सतरा. सोळाचा गिअर अडखळतो, अठराला कंपनीने सीट हलकी केली, सतराचं सोनं. पैशाची अडचण नव्हती. रस्ता रुंद झाला त्यात पुढची जागा गेली होती, तिचा मोबदला बँकेत पडून होता.

गाडी घ्यायला निमित्तही घरातच होतं. मामीची आई कसाऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर राहायची. आमच्याकडे जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईने लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. मामीला मूल झालं नाही. तीस वर्षं आई लेकीच्या दारात आली नाही, आणि तीस वर्षं मामीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मग ऐंशीच्या घरात पोचल्यावर म्हातारीनेच निरोप धाडला, "रीत करणारी माणसं मेली. मला पोरीच्या घरी जेवायचंय. घेऊन जा." गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढणं अशक्य. मामी निरोप ऐकून चुलीपुढे बसली आणि पदर तोंडात धरून रडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मामा म्हणाला, "सासू पयल्यांदा येणार. आणायची ती थाटात. सतराचं मिळालं की लगेच."

हे 'लगेच' चार वर्षं चाललं, बरं का. दर दिवाळीला मामी विचारायची आणि दर दिवाळीला तेच उत्तर. मधे कल्याणच्या दलालाने एक सोळाची गाडी दाखवायला आणली. ढाब्यामागच्या पाड्यात शिरताना तिचं पोट गतिरोधकावर बसलं. तो गतिरोधक मामानेच उरलेल्या काँक्रीटमधून घालून घेतला होता, वाळूचे डंपर हळू जावेत म्हणून. सहा गिऱ्हाइकांनी भजी बाजूला ठेवून गाडी उचलली. मी म्हटलं, "मामा, ही गाडी आपल्या रस्त्याची नाही रे." तर हा शांतपणे म्हणतो, "सतराची असती तर अडकली नसती."

शेवटी वाशिंदला, माझ्या घराजवळच, एका कारखान्यातल्या साहेबाची निळी गाडी विकायला निघाली. साल सतरा. मी फोन केला, मामा पहिल्या एसटीने हजर. इंजिन ऐकलं, काचेच्या कोपऱ्यातले सालाच्या खुणेचे ठिपके मोजले, चारही पट्टे ओढले. तीन पट्टे सतराचे निघाले. चौथ्यावर सोळाचा डिसेंबर. मामा खाली बसला. "हे सोळाचं सतरा हाय," तो म्हणाला. "इचार करायला लागंल." मी म्हटलं, "अरे, एका पट्ट्यासाठी? तिकडे म्हातारी वाट बघतेय." तो म्हणाला, "आठ दिवस दे." मला त्याच्या टाळक्यात तो पट्टा हाणावासा वाटला.

आठ दिवस मामीने दिले नाहीत. गावातला एक भाजीवाला रोज पिकअपमधून भेंडी-काकडी शहापूरच्या बाजारात न्यायचा. मामी पहाटे त्याच्या शेजारी जाऊन बसली. भाजी उतरवली, आणि तिने त्याला तशीच गाडी कसाऱ्याकडे घ्यायला लावली. पाड्यावरच्या दोघांनी म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि मागच्या हौद्यात ठेवलं. खुर्ची दोरीने बांधली. मामी शेजारी गोणपाटावर बसली. दुपारी ढाब्यापुढे पिकअप थांबला तेव्हा मामा मोबाईलवर गिअरचा व्हिडिओ बघत होता. म्हातारी वरूनच म्हणाली, "जावयबापू, उतरवा मला. भूक लागलीय."

त्या दिवशी मामीने नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं. म्हातारीने पहिला घास घेतला, पाणी प्याली आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. मामी म्हणाली, "आये, मीठ बरं हाय ना?" मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून गेले होते. म्हातारी चार दिवस राहिली. मामाने तिला मोबाईलवर त्या गाडीचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला. "यात माणूस बसतो का निजतो?" तिने विचारलं. "माझं गुडघं वाकत नाय रे बाबा. मला यात घातलं असतंस तर बाहेर कसं काढलं असतंस?"

चार वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मामाने मोबाईल उलटा ठेवला. वाशिंदची गाडी तोवर दुसऱ्या कुणी नेली होती, आणि त्याने ती कुणी नेली हेही विचारलं नाही.

म्हातारीला पोचवायला त्याच पिकअपमधून मामा स्वतः गेला. टोकावड्यापासून मुरबाड, मुरबाडपासून शहापूर, तिथून कसारा, सगळी वाट तो हौद्यात उकिडवा बसून दोन्ही हातांनी खुर्चीचे पाय धरून होता. गाडीवाला पुढे बस म्हणत होता, हा ऐकेना. उतरताना म्हातारी म्हणाली, "झ्याक गाडी हाय. वारा लागतो. पुढल्या साली परत ने." मामा म्हणाला, "नेतो, आये."

पुढलं साल तिला मिळालं नाही. माघात ती गेली. आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा मामी आतल्या बायकांत होती आणि मामा अंगणात भिंतीला टेकून बसला होता. मामी बाहेर आली तसा तो तिला म्हणाला, "चार वर्षं थांबवलं गो मी तिला. उगाच थांबवलं." आयुष्यात त्याने कबूल केलेली ही एकच चूक. मामीने डोळे पुसले. रागावायचा हक्क तिचा होता, आणि मला वाटलं, आता ती बोलेल.

"माझ्या हातचं जेवून गेली ती," मामी म्हणाली. "उठा आता. खांद्याला एक माणूस कमी पडतोय."

मामा उठला आणि पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिला.