पाखऱ्याची अंडी

घोडा अंडी देत नाही, हे बनाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी कबनूरच्या अलीकडच्या त्या मळ्यात येणारीजाणारी माणसं तिला मुद्दाम विचारायची, "काय बनाक्का, पाखऱ्यानं आज किती अंडी दिली?" कारण तिच्या खुराड्यातल्या गावरान कोंबड्यांनी घातलेलं अंडं नि अंडं घोड्याच्या पोटात जायचं. विकायला नाही, पाहुण्यांच्या ताटात नाही, आणि नवऱ्याच्या तर नाहीच नाही. नवरा आकाराम कबनूरला यंत्रमागावर कामाला. दिवसभर खडखडाट ऐकून घरी आलेला माणूस, भाकरीबरोबर एखादं अंडं मागायचा. बनाबाई म्हणायची, "तुमास्नी काय शर्यतीत पळायचं हाय?" मग तो गपगुमान चटणीत तेल ओतून घ्यायचा.

शर्यतीच्या घोड्याला खुराक लागतो. भिजवलेले हरभरे, दूध आणि कच्ची अंडी. हरभरे दुकानात मिळतात, दूध गोठ्यात होतं. अंडी मात्र बनाबाईच्या हातची पाहिजेत, असा तिचा हट्ट होता. आणि का नसावा? पाखऱ्याची आई त्याला जन्म देऊन तासाभरात गेली. ते लटलटत्या पायांचं शिंगरू बनाबाईनं गाईचं दूध बाटलीनं पाजून जगवलं. परसात कोंबड्यांच्या गराड्यातच ते वाढलं. मोठा झाल्यावरही पाखऱ्या परसातून चालताना एकेक पाय बघून टाकायचा, पिल्लू चिरडू नये म्हणून. तेवढी अक्कल माणसांत असती तर ही गोष्ट सांगावीच लागली नसती.

घोडा कागदोपत्री कुणाचा विचाराल, तर सयाजीचा. सयाजी म्हणजे आकारामचा धाकटा भाऊ. बनाबाई लग्न होऊन आली तेव्हा त्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं आणि सासू वारलेली. हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, शाळेतून पळून आला की बडवलं, आणि बडवून झालं की पोटाशी घेतलं. तो मोठा होऊन दुधाचा टेम्पो चालवू लागला, शर्यतीत घोडागाडी हाकू लागला. पण घरात पाय टाकला की पहिली हाक "वहिनी"च. बनाबाईला स्वतःचं मूल नव्हतं. ती म्हणायची, मला दोन हायत, एक दोन पायांचा आणि एक चार पायांचा.

दसऱ्याच्या आधी सयाजीनं विषय काढला. "वहिनी, मलकापूरकडं एक जाणता गडी हाय. घाटातल्या चढावर घोडी पळवून दम वाढवतोय. हंगामभर पाखऱ्याला तिकडं ठेवू. जत्रंची शर्यत झाली की आणू परत."

"मी बी येती सोडायला."

"तू न्हाय यायचं. तुला बघितलं की त्यो शिंगरू हुतोय. लाडानं बिघडवलायस त्येला, म्हणून तर दर खेपंला दुसरा येतोय."

हे तिला लागलं. लागलं, कारण तिलाही कधीकधी तसंच वाटायचं. पाखऱ्या टेम्पोत चढला तेव्हा ती स्वयंपाकघरात तोंड फिरवून बसली. त्यानं हंगामभर आपलं तोंड बघू नये, हे तिनं मान्य केलं.

अंडी मात्र जात राहिली. एकदोन दिवसांआड सयाजी टेम्पो घेऊन दारात उभा राहायचा. बनाबाई पितळी डब्यात भाताचं तूस घालून त्यात अंडी रचून द्यायची. सयाजी डब्याबरोबर खबर ठेवून जायचा. "काय पळतोय म्हणतीस! अंगावर हात ठरंना." कधी, "काल खिंकाळला बघ, दुधाचा टेम्पो वळकला त्यानं. तुझी आठवण काढतोय."

"फोनवर दाखव की रं एकदा."

"त्या डोंगरात रेंज कुठली, वहिनी?"

तेही तिला पटलं. आपलं माणूस सांगतंय म्हटल्यावर न पटायला काय झालं? एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखालून बनाबाईनं अंडी काढून घेतली. ती बिचारी पिसं फुलवून रिकाम्या पाटीत बसून राहिली. एक हंगाम पिल्लं निघाली नाहीत तर काय बिघडतं, म्हणून बनाबाईनं स्वतःची समजूत घातली. पुढं मुंगसानं दोन नेल्या, रोगानं काही गेल्या, आणि त्यांच्या जागी यायला नवी पिल्लंच नव्हती. खुराडं रोडावलं. तेवढ्यातूनही ती डबा भरत होती.

जत्रेच्या दिवशी सयाजी उजाडायलाच गेला, आकारामही रजा टाकून त्याच्याबरोबर गेला. घाईत डबा कट्ट्यावरच राहिला. बनाबाईच्या जिवाची तगमग झाली. ज्या दिवसासाठी हंगामभर खुराक घातला, त्याच दिवशी जनावर अंड्यांविना पळणार? फोन केला, कुणी उचलला नाही. शेवटी तिनं डबा पदराखाली घेतला आणि वडापची, माणशी भाड्याची जीप धरली. पाखऱ्याला दिसायचंच नाही, लांबूनच डबा द्यायचा, असं ठरवून.

मैदानावर हलगी, कर्णा, धुरळा. बाभळीखाली एक घोडा बांधलेला दिसला आणि बनाबाईचं ठरवणं तिथंच राहिलं. त्यानं कान टवकारले, दावं ताणलं, तिच्या खांद्यावर तोंड टेकवून फुर्र केलं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिनं डबा उघडला, एक अंडं घेतलं, आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"ओ मावशी! आमच्या घोड्याला काय चारताय?"

शर्यतीच्या दिवशी परक्याच्या हातचं पाणीसुद्धा जनावराला लागू देत नाहीत, हे बनाबाईला माहीत होतं. परकं म्हणजे आपण, हे कळायला वेळ लागला.

"तुमचा कसला, पावणं? ह्यो पाखऱ्या हाय. आमच्या सयाजीचा."

"हुता. दसऱ्याला मी घेतला त्याच्याकडनं." माणूस आजऱ्याचा होता, केरबा नावाचा. बोलणं रोखठोक, पण चेहरा वाईट नव्हता.

"कायतरी घोटाळा हाय तुमचा. ह्यो मलकापूरला सरावाला हाय."

"मावशी, दसऱ्यापासनं ह्यो माझ्या दारात उभा हाय. मलकापूर ह्यानं बघितलं बी न्हाय." मग त्यानं तिला निरखून बघितलं. "तुम्ही त्यांच्या घरातल्या काय? सयाजी म्हणालता, घरातल्या बाईला घोडं नगंसं झालंय, रोजची कटकट हाय, म्हणून काढतोय. खरं सांगू, आमी लई बोल लावला त्या बाईला. असलं गुणी जनावर दाराबाहेर काढायला मन तरी कसं झालं म्हणून."

"ती बाई मीच," बनाबाई म्हणाली.

केरबानं मनगट सोडलं. तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल, तर दूर आजऱ्यात कुठल्यातरी घरात आपल्या नावानं बोटं मोडली गेली आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं. घोडा गेला हे मागाहून कळलं. तिनं हातातलं अंडं दगडावर फोडलं, केरबाच्या देखत कच्चं तोंडात ओतलं आणि गिळलं. "बघा, इख न्हाय. एक तरी घालू द्या त्येला."

केरबाची मान खाली गेली. "तुमच्यावर संशय न्हाय. पर आज न्हाय, मावशी."

"मग शर्यत झाल्यावर परत द्या मला. लागंल त्ये करीन."

"माझ्या पोरी त्याच्या गळ्यात पडून असत्यात. कसा देऊ?"

पोरींचा राग करण्याइतकी बनाबाई हलकी नव्हती. तिनं पाखऱ्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि कर्ण्यावर सयाजीचं नाव पुकारत होते तिकडं चालू लागली.

सयाजी एका तांबड्या घोड्याला गाडीला जुंपत होता. घोड्याच्या अंगावर ऊन घसरून पडत होतं, इतकी चकाकी. आकाराम शेजारी उभा. बनाबाईला बघून दोघांचेही हात थांबले.

"भागीत घेतलाय वहिनी," सयाजी घाईघाईनं म्हणाला. "माळावर भागीदाराच्या शेडात असतोय. तुला तरास नको म्हणून बोललो न्हाय."

"घोडा तुझा हुता, इकलास," ती म्हणाली. "सांगितलं असतंस तर दोन दिस रडले असते, शिव्या घातल्या असत्या, आन् तिसऱ्या दिशी तुला जेवायला वाढलं असतं. पर अंडी कशाला न्हेत हुतास रं? आठवण काढतोय म्हणत हुतास, त्ये कोण काढत हुतं?"

सयाजीची नजर तांबड्याच्या पाठीवर गेली आणि बनाबाईला तिच्या खुराड्याचा सगळा हंगाम त्या पाठीवर चकाकताना दिसला. माळावरचं ते शेड तिच्या परसातून दिसायचं. धुणं वाळत घालताना ती रोज तिकडं बघायची.

"तुमास्नी ठावं हुतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"घरात भांडण नगं म्हटलं," आकाराम म्हणाला. हा माणूस हंगामभर तिच्यासमोर बसून चटणीभाकरी खात होता, अंडी कुणाच्या पोटात जातात ते ठाऊक असून.

कर्ण्यावर दुसऱ्यांदा नाव आलं. सयाजीनं पुढं हात केला. "वहिनी, मागनं काय बोलायचं त्ये बोल. डबा आणलायस न्हवं? दे हिकडं, येळ झालाय."

बनाबाईनं त्या हाताकडं बघितलं. एवढंसं असताना हाच हात धरून तिनं त्याला अंगणवाडीत पोचवलं होतं. तिनं डबा त्याच्या हातावर ठेवला.

"घे. मुक्या जनावराचा काय गुन्हा? पर आजपास्नं माझ्या दारात यायचं न्हाय, आन् मला वहिनी म्हणायचं न्हाय."

सयाजीनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो तुसातून अंडी काढून फोडायला लागला होता, आणि आकाराम दोन्ही हातांनी घोड्याचं तोंड धरून उभा होता.