ताईच्या पाटीवरचा नंबर

माणूस गेल्यावर त्याच्या नोंदणी नंबरचं काय होतं?

मुंबईच्या ऑफिसात फोन लावून मी हेच विचारलं. राज्यातल्या ॲक्युपंक्चरवाल्यांची नोंदणी तिथं होते. एकानं दुसऱ्याकडे फोन दिला, दुसऱ्यानं थांबायला सांगितलं, अन् बराच वेळ नुसती धून वाजत राहिली. मग एक मॅडम आल्या. म्हणाल्या, नंबराबद्दल काही करायचं असेल तर ज्यांचा नंबर आहे त्यांच्या सहीचा अर्ज लागेल. मी म्हटलं, मॅडम, ती माझी बहीण होती, ती वारली. मॅडम हळूच म्हणाल्या, "तरी अर्ज त्यांचाच लागेल हो."

मी फोन ठेवला. नंतर तहसीलच्या बाबूला विचारलं, तलाठ्याला विचारलं. कोणालाच माहीत नाही.

सरिताताईला जाऊन महिना झाला. बुलडाण्याहून देऊळघाटला येताना तिची स्कुटी टिप्परखाली आली. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. पण घरी बसायला माणसं येतात ना, ती अर्धा कप चहा संपेपर्यंत रडतात अन् उरलेल्या अर्ध्यात ताईचा एक किस्सा सांगतात. ती उठून जातात, किस्से इथंच राहतात. मी आठवीत शाळा सोडली. पाट्या रंगवतो, माझं लिहिणं तेवढंच. पण हे सगळं डोक्यात साचून राहिलं तर मला येड लागेल, म्हणून सांगतो.

*

पहिला किस्सा पाटीचाच.

ताई अकोल्याला राहून ॲक्युपंक्चर शिकली. तेव्हा आपल्या राज्यात त्याचा कायदाही नव्हता. परत आल्यावर तिनं बसस्टॉपजवळ एक खोली घेतली, दोन टेबलं टाकली. मी म्हटलं, पाटी माझ्याकडून. पिवळा पाया, लाल अक्षरं, खाली काळी सावली. पुढं ठसठशीत 'डॉ.' काढून मग नाव. आमच्या धंद्यात दवाखान्याची पाटी म्हटली की ब्रश आपोआप 'डॉ.'पासूनच सुरू होतो.

ताई आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे डॉक्टर कोन हाये?"

"तू."

"मी सुया लावते, गजू. ज्याले डॉक्टर पाह्यजे तो बुलडाण्याले जाईन. पुस."

मी तिला सांगून पाहिलं की आजकाल सगळेच लावतात, गावात जडीबुटी विकायला येणाराही लावतो. तिनं पिवळ्या रंगाचा डबा उचलून माझ्या हातात दिला. मी वरून रंग फिरवला. ती रस्त्याच्या पलीकडे गेली, तिथून डोळे बारीक करून पाहिलं अन् ओरडली, "दुसरा हात मार, अजून दिसते."

दुसरा हात मारला. 'डॉ.' गेलं, पण नाव उजवीकडे सरकलेलं अन् पुढं मोठी मोकळी जागा. येणाऱ्या प्रत्येकाला वाटे, पेंटर अर्ध्यात सोडून पळाला.

*

मग कायदा आला, नोंदणी सुरू झाली. ताईनं अर्ज टाकला. नंबर यायचा बाकी होता, तेवढ्यात तालुक्यात बोगस डॉक्टर शोधणारं पथक फिरायला लागलं. कोणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं.

जीप दारात थांबली तसा बाहेरचा बाक रिकामा झाला. आतल्या टेबलावर फक्त निंबाजी गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले, दोन्ही गुडघे गेलेले, अन् त्या घडीला दोन्ही गुडघ्यांत सुया.

पथकाचे साहेब म्हणाले, नोंदणी क्रमांक दाखवा. ताईनं अर्जाची पावती दाखवली. साहेब म्हणाले, पावती म्हणजे नंबर नाही. ताई म्हणाली, बरोबर आहे. साहेबांना भांडणाची सवय असावी, ते जरा अडखळले. मग म्हणाले, पंचनामा करावा लागेल, गावातला पंच आणा. मी बाहेर पाहिलं. स्टॉपवर एरवी माणसांची गर्दी, त्या दिवशी एक कुत्रं बसलं होतं.

साहेबांची नजर गुरुजींवर गेली. गुरुजी पडल्या पडल्या म्हणाले, "साहेब, मीही पळालो असतो. पण मले टोचलेलं हाये."

साहेब म्हणाले, काढा त्या सुया. ताई म्हणाली, वेळ झाल्याशिवाय काढत नाही. मग सगळं पथक आमच्या पेशंटच्या बाकावर ओळीनं बसून राहिलं, डोक्यावरचा पंखा बघत. गुरुजींनी पंचनाम्यावर झोपूनच सही केली.

पथक निघालं. जीपचा ड्रायव्हर तेवढा मागं रेंगाळला. मान वाकडी करून हळूच म्हणाला, "ताई, लय दिवसांची आखडली. कधी येऊ?"

ताई म्हणाली, "नंबर आला का ये."

*

कुलूप पथकानं नाही लावलं. त्यांनी फक्त समज दिली. कुलूप ताईनं लावलं, अन् किल्ली आईजवळ दिली.

मी लई चिडलो. म्हटलं, घरच्या मागच्या खोलीत टेबल टाकू, कोणाला दिसणार आहे?

"मले दिसन न," ताई म्हणाली.

लोक ऐकायला तयार नव्हते. सगळ्यांत चिकट शांताकाकू. त्यांची भाजीची वाडी आमच्या वाडीला लागून. खांदा असा धरलेला की अंबाडाही सुनेकडून बांधून घ्यावा लागे, अन् सुनेनं बांधलेला अंबाडा त्यांना पसंत नाही. रोज सकाळी मेथीची जुडी घेऊन यायच्या अन् ओट्यावर बसायच्या. म्हणायच्या, थोडंसंच टोच, कोणाले सांगत नाही. ताई त्यांना चहा द्यायची, खांदा शेकून द्यायची, पण सुईचं नाव नाही. म्हणायची, काकू, आज लपून लावली तर उद्या मी खरंच बोगस.

एक दिवस काकू मेथीशिवायच आल्या. पदराची गाठ सोडली अन् आतून बाभळीचा लांब काटा काढून ताईसमोर ठेवला.

"घे. याले लायसन लागत नाही."

*

नंबर मिळण्याआधी मुंबईला तोंडी परीक्षेला जायचं होतं. ताईनं महिनाभर तयारी केली अन् तयारीचं सामान म्हणजे मी. बॉलपेन टोचून टोचून माझ्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत बिंदू काढायची, नावं म्हणायची, चुकलं की पुसून परत काढायची. तशातच मी वडनेर भोलजीला एका दुकानाची भिंत रंगवायला गेलो. गरमीत शर्ट काढला. ओट्यावरचा एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी आपल्या नातवाला घरात ढकलत म्हणाला, "जा बे आत. निळा गोवर मी आजच पाहून राह्यलो."

परीक्षेला बिंदू दाखवायला माणूस सोबत न्यायचा होता. मलकापूरहून गाडी पकडली. समोर दोन परीक्षक. मी बाही वर करून बसलो, ताई उभी. एका सरांनी विचारलं, गरोदर बाईला कोणत्या जागी सुई लावायची नाही? ताईला सगळं येत होतं, पण तोंडातून शब्द निघेना.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पटकन माझा अंगठा अन् त्याच्या बाजूच्या बोटाची मधली जागा पुढं केली, मग पाय वर करून घोट्याच्या वरची जागा दाखवली.

सर म्हणाले, "परीक्षा कोणाची आहे?"

ताई म्हणाली, "माझीच आहे, सर. पण टोचलेलं त्याला आहे, म्हणून त्याच्या लक्षात राहिलं."

दोघं परीक्षक हसले, अन् ताईची जीभ सुटली. मला बाहेर बसवलं. नंतर दार उघडेपर्यंत आतून फक्त तिचाच आवाज येत होता.

*

नंबर आला.

त्या दिवशी ताईनं मला पाटीखाली उभं केलं अन् म्हणाली, ती पुढची मोकळी जागा आहे ना, तिथं नाही. नावाच्या खाली, नावाएवढाच मोठा काढ. मी लाल रंगात काढला, काळी सावली दिली. लांबून एसटीतूनही दिसे. आई घरून हळदीकुंकू घेऊन आली अन् पाटीला लावायला गेली, तर रंग ओला होता. एका आकड्याला आईचं बोट लागलं. ताईनं ते पुसू दिलं नाही.

पहिला पेशंट कोण? तोच जीपचा ड्रायव्हर. दुसऱ्या शांताकाकू. खांदा सुटायला बरेच दिवस गेले, पण ज्या दिवशी स्वतःच्या हातानं अंबाडा बांधला त्या दिवशी त्या गावभर पाठ दाखवत फिरल्या.

समोरच्या बंडू चहावाल्याला मात्र नंबर म्हणजे काय ते कळलं नाही. त्याला वाटलं, एवढा खटाटोप करून मुंबईहून आणलेला आकडा म्हणजे शुभ असणार. त्यानं तो मटक्यावर लावला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून ताईच्या दारात उभा.

"ताई, तुमचा नंबर बोगस निंगाला."

*

मग एक जण मोटारसायकलवर आला. गाडीच्या दिव्याच्या काचेवर लाल प्लस. दुसऱ्या तालुक्यात मालिश करतो, म्हणाला, सुयाही लावतो. पण त्याला नंबर काही मिळाला नाही. ताईनं प्रमाणपत्राची एक रंगीत झेरॉक्स द्यावी, तो आपल्या भिंतीवर लावेल अन् महिन्याला काहीतरी पाठवेल. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, असंही त्यानं सांगितलं.

ताईनं त्याला बसवलं, चहा सांगितला. मग म्हणाली, "दादा, त्या नंबरात माह्यं नाव हाये. तुमच्या हातानं कोनाले सुई लागली तर रगत माह्या नावाले लागन."

तो हसून पुन्हा सुरू झाला. ताई तेच वाक्य पुन्हा बोलली, तेवढ्याच आवाजात. मी आत असतो तर हाणामारी झाली असती. मी बाहेर होतो, अन् माझ्याजवळ काळ्या रंगाचा डबा होता. तो चहा पिऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या काचेवर प्लस नव्हता. काचही फारशी दिसत नव्हती. ताई माझ्यावर तापली, पण त्याच्यासमोर नाही. त्याच्यासमोर म्हणाली, "भाऊ पेंटर हाये माह्या. सवय हाये त्याले."

*

ताई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी स्टॉपवर फ्लेक्स लागला. मित्रमंडळाच्या संतोषभाऊनं लावला. मोठा, खोलीएवढा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधात ताईचा फोटो, खाली मंडळातल्या सगळ्यांची छोटी तोंडं. मनापासून लावला होता, त्यात काही खोट नाही. संतोषभाऊच्या आईची कंबर ताईनंच ठीक केली होती.

फोटोखाली लिहिलं होतं, 'डॉ. सरिताताई'.

मी घरी आलो. शिडी घेतली, पांढऱ्या, लाल अन् काळ्या ऑइलपेंटचे डबे अन् ब्रश घेतले. आई म्हणाली, कुठं चालला? मी सांगितलं नाही. भर दुपारची वेळ, स्टॉपवर माणसं होती. शिडी लावून वर चढलो तसे सगळे उठले.

संतोषभाऊ धावत आला. "उतर बे! काय करून राह्यला?"

"पुसून राह्यलो."

"अबे, मानानं लावलं आम्ही. गावात सारे डॉक्टरीणबाईच म्हनत होते तिले."

"ती म्हनत नव्हती," मी म्हटलं.

शिडी हलली. कोणीतरी खाली ओढायला हात घातला होता. मी मागं वळून पाहिलं नाही. मग शिडी एकदम घट्ट झाली. खाली निंबाजी गुरुजी होते, दोन्ही हातांनी शिडी धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर रेटा देऊन उभे. त्यांच्या शेजारी शांताकाकू, कमरेला पदर खोचून, संतोषभाऊच्या पुढ्यात.

मी ब्रश बुडवला अन् 'डॉ.'वर फिरवला. मग नावाखाली लाल रंगात ताईचा नंबर काढला, नावाएवढाच मोठा. त्याला काळी सावली दिली. एसटी येऊन थांबली, पण माणसं चढली नाहीत. ड्रायव्हरनंही हॉर्न दिला नाही.

गुरुजी शिडी काकूंच्या हाती देऊन लंगडत रस्त्याच्या पलीकडे गेले. तिथून डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

"गजू," ते म्हणाले, "अजून दिसते."

मी दुसरा हात मारला.