डबीपुढे वाकलेल्या माना

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आता प्रत्येक कॉम्प्युटरशेजारी एक काळी डबी बसवली आहे. ओळखपत्र तिला टेकवलं की कॉम्प्युटर सुरू होतो. पण ओळखपत्र गळ्यातून काढायचं नाही, असा नियम. म्हणून पोरं त्या डबीपुढे मान वाकवतात. मला ते बघवत नाही. देवापुढे माणूस निदान स्वतःहून वाकतो.

काल सर्व्हर बंद पडला होता. सगळ्याच डब्यांवर लाल दिवे होते. तरी माझी एक विद्यार्थिनी वाकली, दिवा लालच राहिला, तशी ती डबीला "सॉरी" म्हणाली आणि आणखी खाली वाकली.

"अगं, सॉरी कुणाला म्हणतेस?" मी चिडून विचारलं.

"सवयीनं आलं, मॅडम," ती म्हणाली. "इथे चूक नेहमी आमचीच असते."