दोन नळ्यांतला उजेड

घासलेटचा वास आला की आजही माझ्या मनात आधी मत्सर जागा होतो. त्या वासाच्या तळाशी बंदुकीच्या जळक्या दारूचा कडवट, करडा पदर असे आणि वर शिवणयंत्राच्या तेलाची गोडसर साय. लातुरातले आमचे घर दर अमावास्येला या वासाने भरून जाई. त्या दिवशी माझ्या वडिलांची, अप्पांची, अडत बंद असे आणि सकाळची पूजा आटोपली की ते बंदूक साफ करायला बसत.

दिवस निजामाच्या अमलाचे होते. बंदूक दुनळी, शेतातल्या भुईमुगावर येणाऱ्या रानडुकरांसाठी घेतलेली. तिचा उर्दू परवाना भिंतीवर काचेआड टांगलेला. काडतुसे आधी आतल्या खोलीतल्या पेटीत कुलूपबंद होत आणि किल्ली अव्वाच्या, माझ्या आईच्या, कमरेला जाई. मग अप्पा बंदुकीचे तोंड परसातल्या मातीच्या भिंतीकडे धरून ती उघडत, काडतुसांची दोन्ही घरे रिकामी आहेत ना ते बोटाने चाचपत आणि नळ्या दस्त्यापासून सोडवत. त्यानंतरच आम्हा बहिणींना सतरंजीवर जागा मिळे. घासलेटात भिजवलेली चिंधी गजाला गुंडाळून ते ती मागून पुढे सारत. काळी होऊन ती बाहेर पडे. मग कोरडी, मग तेलाची, अगदी पुसट.

शेवटची पायरी अक्काची. माझी ही बहीण तीन वर्षांनी मोठी. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून सुटलेल्या नळ्या ती दाराच्या उजेडाकडे धरी, मागच्या टोकाला डोळा लावी आणि म्हणे, “साफ हाय, अप्पा.” तिने हे म्हटल्याशिवाय ते नळ्या दस्त्याला जोडत नसत. नळीत चिंधी राहिली आणि बार काढला तर नळीच फुटते, हात जातो, डोळे जातात, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितले होते. म्हणजे मला ते ठाऊक होते.

मला ती जागा हवी होती. आत काय दिसत असेल याची मी अंथरुणात पडून कल्पना करी: एकात एक गुंफलेली चांदीची कडी, थिजलेला भोवरा, विहिरीच्या तळचे आभाळ. आणि ज्या मुलीला हे सारे दर महिन्याला फुकट मिळत होते, तिच्यापाशी त्याला एकच शब्द होता.

“मी बघू का?” मी एकदा विचारले.

“तू बघशील अन् त्याच्यावर गाणं करशील,” अव्वा चुलीपासून म्हणाली. “अप्पा उपाशी बसतील तवर.”

सगळे हसले. अक्का सर्वांत कमी हसली. मला मात्र तिचेच हसू बोचले.

पुढच्या अमावास्येला तेलाचा हात फिरवून झाल्यावर अप्पा हात धुवायला गेले आणि अक्का त्यांना पाणी द्यायला. नळ्या सतरंजीवर एकट्या चमकत होत्या. माझ्या हाताशी माझ्याच जुन्या परकराचा जांभळा काठ होता. त्याचा बोळा मी डाव्या नळीत गजाने अर्ध्यावर ढकलला. सवयीने अक्का ‘साफ’ म्हणणार होती आणि मग मी म्हणणार होते, “अप्पा, नीट बघा.” ते वाक्य मी जिभेवर घोळवत बसले.

अक्काने उजवीतून पाहिले. मग डावीतून. तिने डावीला पुन्हा डोळा लावला.

“अप्पा, गज द्या जरा.”

तिने बोळा गजाने ढकलून बाहेर काढला आणि मुठीत मिटला. अप्पांना काही तरी बाहेर आले एवढेच दिसले. त्यांचा चेहरा कपाळावरच्या भस्मासारखा झाला.

“मीच इसरलो,” ते म्हणाले. “आता दिसतच न्हाई मला. तहसीलीत जमा करून टाकतो ही बंदूक.”

“अन् डुकरं काय गळ्यात माळ घालून हाकलायची?” अव्वा म्हणाली, पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मी सतरंजीवरच्या चिंध्या गोळा करू लागले.

न्हाणीत राखेने हात घासताना अक्काने मूठ उघडली. तेलाने काळवंडलेला जांभळा काठ ओल्या दगडावर पडला. तिने माझ्याकडे पाहिले आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतले. अप्पांना तिने काही सांगितले नाही, आणि तिचे हे न सांगणेसुद्धा मला तिच्या मालकीचे वाटून सलत राहिले.

महिनाभर अप्पा बंदुकीला शिवले नाहीत. अमावास्या आली तेव्हा अक्काच म्हणाली, “अप्पा, जमा कशाला करता? आता हिला बघू द्या. मी हाय ना बाजूला.”

मी बसले. नळ्या थंड, जड होत्या. डोळा लावला आणि कडी दिसली, खरोखर एकात एक, शेवटी दाराचा पांढरा ठिपका. साठवलेल्या शब्दांपैकी एकही सापडेना. आत काही नव्हते, तरी मला खात्री वाटेना.

“काय दिसतं?” अप्पांनी विचारले.

मी अक्काकडे वळले. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “पुन्हा बघ.”