तिसऱ्या अंकात बाई नाही

‘बाईचं काम तू वाच. ती भाषा तुझ्या तोंडात छान बसेल.’

मॅडम हे हसून म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्ग पण हसला. मुलुंडचं कॉलेज, एम.ए. मराठीचं पहिलं वर्ष. पहिल्या तासाला मॅडमनी सगळ्यांची आडनावं विचारली होती. माझं ऐकून ‘अच्छा’ म्हणाल्या होत्या. फक्त माझंच.

अभ्यासाला एक आधुनिक नाटक होतं. फ्लॅटमधलं कुटुंब. म्हातारे वडील, मुलगा, सून. आणि घरकाम करणारी बाई. तिला नाव नाही. संहितेत सगळीकडे नुसतं ‘बाई’. दुसऱ्या अंकात सुनेच्या बांगड्या हरवतात, आळ बाईवर येतो. मुलगा तिला पिशवी उलटी करायला लावतो. काही सापडत नाही. तरी तिला काढून टाकतात. तिसऱ्या अंकात बांगड्या सुनेच्याच कपाटात निघतात. सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हातारा एकटेपणावर लांबलचक बोलतो. पडदा.

माझी आई घाटकोपरला लोकांच्या घरी धुणीभांडी करते. मी बाई वाचली.

मग मॅडमनी फळ्यावर लिहिलं, आशयसूत्रं आणि रचना. पोरं सांगत गेली. म्हातारपण. नात्यांतला दुरावा. शहरातलं एकटेपण. मी हात वर केला. बांगड्या सापडल्यावर बाईला सांगायला कुणीच कसं जात नाही, ती तिसऱ्या अंकात का नाही, असं विचारलं.

‘ते उपकथानक आहे गं,’ मॅडम म्हणाल्या. ‘तिचं काम दुसऱ्या अंकात झालं.’

सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं.

वार्षिक कार्यक्रमात तोच दुसरा अंक करायचं ठरलं. बाई अर्थात मी. मॅडमनी सांगितलं, आईची एखादी जुनी साडी नेस, खरी वाटेल. मी नेसले. अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते.

तालमीला मॅडमनी पिशवीत शिळ्या पोळ्या घातल्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. नाटकात त्या नव्हत्या. पण पोळ्या जमिनीवर पडल्या की लोकांना कळवळा येईल, असं त्यांचं म्हणणं. मग म्हणाल्या, मुलाच्या पायाही पड. मुलाचं काम करणारा माझ्याच वर्गातला. तो पाय पुढे करून उभा राहिला. त्याला हसू आवरत नव्हतं.

अंगावर आईची साडी. तिला साबणाचा वास. मी थांबले.

‘मी पिशवी उलटी करणार नाही.’

‘संहितेत आहे ते.’

‘बाईला विचारून नाही लिहिलेलं.’

मॅडम जवळ आल्या, आवाज खाली आणला. ‘तुम्ही लोक ना, सगळं अंगावर ओढून घेता. कलेकडे कला म्हणून बघायला शिक.’

तुम्ही लोक. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. काम दुसऱ्या मुलीने केलं. पोळ्या पडल्या तेव्हा टाळ्या पडल्या म्हणे. माझे गुण जेमतेम पासापुरते आले.

घरी, कांजूरला, खिडक्या बंद होत्या. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत होता. आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. ती तव्याकडेच बघत म्हणाली, ‘सोसायटीच्या गेटवर मी रोज पिशवी दाखवते. वॉचमन आत हात घालून बघतो. तुझं तर नाटक होतं.’

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती त्या गेटमधून येते जाते, आणि माहीत नव्हतं. तिने भाकरी उलटली.

आता दुसरं वर्ष आहे. प्रबंधिकेला मी विषय दिलाय, आधुनिक नाटकांतल्या मोलकरणी, आळ आल्यावर त्या जातात कुठे. मॅडमनी परत केला. सूर रागाचा आहे, म्हणाल्या, विषय बदल.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. बस म्हणाल्या नाहीत, तरी खुर्ची ओढून बसले. सांगितलं, ‘सूर रागाचाच आहे, मॅडम. तो तसाच राहील.’

त्या सही करणार नाहीत. मी विभागप्रमुखांकडे जाईन. तिथे नाही झालं तर विद्यापीठात जाईन. नापास केलं तर पुन्हा बसेन. विषय हाच असेल, आणि त्यातला एक शब्दही मी मऊ करणार नाही.