एकतिसावा रोजा

पनवेलच्या बंदराजवळच्या मोहल्ल्यात बद्रुद्दीन तांडेलचा शब्द दोन बाबतींत शेवटचा मानला जाई, एक पाणी आणि दुसरा चांद. उभी हयात त्याने तांडेल म्हणून शिडाचा मचवा हाकला. कौलं, मीठ, भाताचा कोंडा, जे मिळेल ते खाडीतून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर नेऊन उतरवलं. पुढे ट्रक आले, खाडी गाळाने भरत गेली, मचवा चिखलात कुजत बसला आणि बद्रुद्दीन घरी बसला. त्याची नजर मात्र घरी बसली नव्हती. रमजान लागायच्या आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी माणसं बंदरावर जमत, पश्चिमेकडे माना ताणत, आणि मौलाना आकाशाकडे बघायचं सोडून बद्रुद्दीनकडे बघत. ती केसाएवढी फिकट कोर सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसे. याचा त्याला गर्व नव्हता असं कुणी म्हणेल तर ती शुद्ध थाप. चांगला मणभर गर्व होता.

ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. त्या वर्षी रमजान लागायच्या संध्याकाळी आकाश धुरकट होतं. मुंबईहूनही चांद दिसल्याची खबर नव्हती. माणसं कंटाळून घराकडे वळली आणि तेवढ्यात बद्रुद्दीनचं बोट वर गेलं.

"तो काय, ताडाच्या उजव्या अंगाला."

बाकी कुणाला काही दिसेना. पण रोजे धरायला एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, आणि मोहल्ल्यात त्याच्याहून भरवशाचा कोण होता? मौलानांनी साक्ष कबूल केली. मोहल्ल्याचा पहिला रोजा दुसऱ्या दिवशी झाला, मुंबईचा त्याच्या पुढच्या दिवशी.

एक गोष्ट मात्र बद्रुद्दीनला त्याच वेळी खटकली होती. नव्या चांदाच्या संध्याकाळी सूर्य बुडताना खाडीचं पाणी अजून उतरत असतं, चिखल लांबवर उघडा पडलेला असतो. त्या दिवशी पाणी आधीच वळलं होतं. ओहोटी संपून भरती हळूच मचव्याच्या तळाला लागत होती. भरती-ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, हे तांडेलाला कुणी सांगायला नको. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने चांद दिसायला अजून एक दिवस होता. पण त्याने खाडीलाच वेड्यात काढलं. एवढा गाळ भरल्यावर तिची वेळ चुकायचीच, असं म्हणून तो खजूर तोंडात टाकत घरी गेला.

घरी त्याची बायको हुस्नबानो इफ्तारीला त्यालाच चहा ओतायला लावी आणि बघत बसे. हल्ली चहा बशीत कमी आणि चादरीवर जास्त सांडत होता.

"डोळे दाखवा एकदा," ती म्हणे.

"डोळ्यांना काय झालंय? अख्खा मोहल्ला माझ्या डोळ्यांवर रोजे धरतो."

ती चादर तेवढी बदलायची.

त्याची नात मुबीना नववीत होती. शाळेत तिला भाषणासाठी विषय मिळाला होता, 'चंद्र नाहीसा झाला तर'. दुपारी भूक छळायला लागली की ती आजोबांजवळ बसून ग्रंथालयातून आणलेल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं वाचून दाखवी.

"दादा, चांद एकदम गायब झाला तर काय होईल?"

"तौबा. रोजे कधी धरायचे मग? आणि खाडीचं काय? भरतीच यायची नाय."

"येईल. सूर्यपण पाणी ओढतो. पण ती भरती अगदी लुळी असेल, आताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आणि रोज त्याच वेळेला येईल. आज जी वेळ, तीच उद्या."

बद्रुद्दीन पाठ सरळ करून बसला. "रोज एकाच वेळी?"

"हो. रोज पुढे सरकते ती चांदामुळे."

त्याने डोळे मिटले. ती खाडी त्याच्यासमोर उभी राहिली. अमावास्या नाही की पौर्णिमा नाही, उधाण नाही. पाणी ठरल्या वेळी जरासं वर येतंय आणि खाली जातंय. मिठागरांच्या बांधापर्यंत कधी पोचत नाही. वरची तिवरं वाळून गेलीत. "एका वेळेवर पाणी," तो पुटपुटला. "मग तांडेल कशाला हवा? कुणीही घड्याळ बघून मचवा सोडेल."

मुबीना हसली आणि पुढे वाचू लागली. पृथ्वी जराशी कललेली आहे आणि तो कल चंद्राने सांभाळून धरलाय. तो गेला तर लाखो वर्षांत ती कधी इकडे कधी तिकडे झुकेल, ऋतूंचा ठिकाणा राहणार नाही, आज जिथे भात पिकतो तिथे बर्फ पडेल. फार पूर्वी पृथ्वीचा दिवस काही तासांचाच होता. चंद्राने समुद्र ओढून ओढून तिचा वेग कमी केला, म्हणून आजचा एवढा मोठा दिवस.

"म्हणजे चांद नसता तर रोजा लवकर सुटला असता," बद्रुद्दीन म्हणाला, पण मन त्याचं मचव्याकडे गेलं होतं. मचवा रिकामा परतताना तळाला दगड भरावे लागत, नाहीतर वाऱ्याने तो लोळे. ही एवढी मोठी जमीन, तिच्यावरचे डोंगर आणि दर्या, आणि तिला तोलून धरणारा दगड असा वर आकाशात लटकलेला. आयुष्यभर आपण त्याच्याकडे बोट दाखवत राहिलो आणि तो काय करतोय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

"आणि दादा, तो आपल्यापासून लांब चाललाय. नखं वाढतात ना, साधारण त्याच वेगाने. दर वर्षी तेवढा."

बद्रुद्दीनने हात पुढे धरून आपली नखं पाहिली. बापाने त्याला खांद्यावर बसवून पहिला चांद दाखवला, त्याला साठ वर्षं झाली असतील. साठ वर्षांची नखं. म्हणजे तेव्हापासून चांद पुरुषभर तरी लांब गेला होता.

मोहल्ल्याचे तीस रोजे पुरे झाले ती संध्याकाळ आली. महिना तीस दिवसांहून मोठा नसतो, तेव्हा चांद दिसणार यात शंकाच नव्हती. शेवया आणि सुकामेवा घराघरांत येऊन पडला होता. आकाश स्वच्छ, धुरकटपणा नावाला नाही. दुबईहून सुट्टीवर आलेला फुजैल गळ्यात दुर्बीण अडकवून आला होता. त्याने ताडापासून खारघरच्या डोंगरापर्यंत सगळं आकाश पुन्हा पुन्हा धुंडाळलं.

"काही नाही," तो म्हणाला.

सूर्य बुडाला, लाली विझत गेली. एवढी माणसं बंदरावर उभी आणि समोर रिकामं आकाश. मुबीनाने आजोबांचा हात घट्ट धरला. पुस्तकातलं पुस्तकात बरं वाटतं, इथे तिला खरोखर भीती वाटली.

बद्रुद्दीनला मात्र चांद दिसत होता. ताडाच्या उजव्या अंगाला, अगदी त्या दिवशी होता तिथेच. बोट वर जायला आलं आणि थांबलं. महिन्यामागे जिथे होता तिथेच, तसाच? त्याने मान वळवून मशिदीच्या मिनाराकडे पाहिलं. कोर मिनाराच्या उजव्या अंगाला आली. त्याने मान आणखी वळवली. कोरही वळली.

ती आकाशात नव्हती. त्याच्या डोळ्यात होती.

खाली मचव्याच्या तळाशी भरतीचं पाणी लागत होतं. पाणी आजही आधीच वळलं होतं. खाडी त्या दिवशीही खरं सांगत होती आणि त्याने तिला वेड्यात काढलं होतं.

मागे वडीलधाऱ्यांचं बोलणं चाललं होतं. तीस रोजे झालेत, चांद दिसो न दिसो, उद्या ईद करायला हरकत कसली? मौलाना विचारात पडले होते. गप्प राहिलं असतं तर बद्रुद्दीनचं नाव शाबूत राहिलं असतं. कुणीतरी म्हणालंही असतं की चांदच कुठे दडला असेल. तो एवढा चांद, दर्या ओढणारा, जमिनीचा तोल धरणारा, आणि आपली अब्रू राखायला त्याला खोटं पाडायचं? बद्रुद्दीनला स्वतःची लाज वाटली.

"मौलाना," तो म्हणाला, "त्या दिवशी मी चांद पाहिलाच नाय. माझ्या डोळ्यात काहीतरी आहे, ते पाहिलं. माझी साक्ष मी परत घेतो."

बंदरावर कुजबुज झाली. फुजैलने दुर्बीण खाली केली. मौलानांनी जरा वेळाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिला रोजा रमजानचा नव्हताच, तेव्हा उद्या मुंबईबरोबर आणखी एक रोजा, असं जाहीर केलं. एकतिसावा रोजा! असला रोजा मोहल्ल्यात कुणी कधी धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी घराघरांत शेवया तशाच पडून राहिल्या आणि बद्रुद्दीनचं नाव काही फार प्रेमाने घेतलं गेलं नाही. हुस्नबानो मात्र एवढंच म्हणाली, "ईद झाली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे." त्याने मान डोलावली.

संध्याकाळी तो बंदरावर जाणारच नव्हता. मुबीनाने ओढून नेलं. तो मागे, मचव्याला टेकून उभा राहिला. सूर्य बुडाला आणि पुढून एकदम गलका उठला. पोरंटोरं, म्हातारे, सगळ्यांची बोटं वर. मुबीनाने आजोबांचं बोट धरून वर नेलं.

"तिथे. दिसतो, दादा?"

त्याने पाहिलं. डोळ्यातली ती खोटी कोर तेवढी तरंगत होती, तिच्यामागे सगळं धुकं. "नाय," तो म्हणाला.

मौलाना जवळ आले होते. नवा चांद पाहिल्यावर पढायची दुआ सगळे पढत होते. बद्रुद्दीनने हात वर केले आणि अडखळून पुन्हा खाली घेतले.

"मौलाना, मला तो दिसत नाय. न बघता दुआ पढली तर चालेल?"

मौलानांनी त्याच्याकडे पाहिलं. "तो आहे, अशी तुमची खात्री आहे?"

बद्रुद्दीनने कान दिला. खाली, उघड्या चिखलातून, खाडीचं पाणी अजून समुद्राकडे उतरत होतं.

"आहे," तो म्हणाला, आणि त्याने हात वर केले.